डिस्कचा हिशेब: आकडा आधी, सजावट शेवटी

महाडच्या बाजारपेठेत पावसाळ्याआधी माल माळ्यावर चढवण्याची सवय जुनी आहे. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या कुशीत वसलेल्या गावाला ती लागतेच. जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन पुरांनंतर त्या सवयीत एक नवी गोष्ट आली. वह्या, बिलबुके आणि कापडाच्या ताग्यांबरोबर संगणकातली माहितीही सुरक्षित जागी न्यायला हवी, हे लोकांना उमगले. पोलादपूरच्या बाजूला पुराच्या जोडीला दरडींचे भय आहे. २०२१ च्या त्याच दिवशी तिथे केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, आणि महाड तालुक्यातले तळीये उद्ध्वस्त झाले. त्यानंतरचे पंचनामे, फोटो, नकाशे, पुनर्वसनाच्या याद्या, शाळांचे दाखले, दवाखान्यांच्या नोंदी हे सगळे आता कुठल्या ना कुठल्या डिस्कवर असते. मे महिन्यात त्याची प्रत काढायला बसलेल्या माणसासमोर पहिला प्रश्न अगदी साधा असतो: कुठल्या फोल्डरमध्ये किती माल आहे, आणि माझ्याकडच्या दुसऱ्या डिस्कवर तो मावेल का?

या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या दोन कमांड पन्नास वर्षांहून जुन्या आहेत. ‘डीयू’ एखादे फोल्डर किती जागा खाते ते सांगते, ‘डीएफ’ आख्ख्या डिस्कवर किती जागा उरली ते सांगते. दोन्ही नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत आहेत. उत्तर त्या अचूक देतात, पण ते ज्या रूपात येते ते सामान्य माणसाला वाचवत नाही: शेकडो ओळी, डावीकडे नुसते आकडे, उजवीकडे लांबलचक मार्ग, क्रम कसलाच नाही. म्हणून जगभर जो कोणी या कमांड वापरू लागतो, तो थोड्याच दिवसांत त्यांचे उत्तर नीट मांडणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट लिहितो. अशा स्क्रिप्टचे मार्ग किती, त्यातले कोणते टिकतात, आणि मराठी नावांच्या फाइली असलेल्या आपल्या कार्यालयात त्यांचे काय होते, याचा हा आढावा.

माझे मत आधीच सांगतो. हिशेब होईपर्यंत आकडा कच्चाच ठेवावा. क्रम लावणे, बेरीज, तुलना, वगळणे हे सगळे कच्च्या आकड्यावर व्हावे, आणि ‘जीबी’, टक्के, मराठी अंक, रेघा हे सगळे शेवटच्या टप्प्यात यावे. या विषयात मी पाहिलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्याने झालेल्या आहेत.

आधी कच्च्या आकड्याबद्दल, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. १९७१ मध्ये युनिक्स ज्यावर घडले त्या बेल लॅब्सच्या यंत्रावर डिस्कचा एक ठोकळा ५१२ बाइटचा होता, म्हणून ‘डीयू’ ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत मोजत असे. युनिक्सचे मानक ‘पॉझिक्स’ आजही मूळ मोजमाप तेच मानते. लिनक्सवरची ‘ग्नू’ची आवृत्ती मात्र १,०२४ बाइटच्या एककात मोजते, आणि ‘पॉझिक्सली करेक्ट’ नावाचा पर्यावरण-चल लावला तर पुन्हा ५१२ वर जाते. त्यामुळे एकाच फोल्डरचा आकडा एका यंत्रावर दुसऱ्याच्या दुप्पट दिसू शकतो. यावरचा उपाय एका अक्षराचा आहे: ‘के’ हा पर्याय लावला की सगळीकडे १,०२४ बाइटचे एकक मिळते. तो लिनक्सवर चालतो, मॅकवर चालतो, स्वस्त नेटवर्क डिस्कच्या पेटीतल्या ‘बिझीबॉक्स’वर चालतो, अँड्रॉइड फोनवरही चालतो. विंडोजवर ‘गिट बॅश’ किंवा लिनक्स उपप्रणाली बसवली की तिथेही चालतो, आणि महाड-पोलादपूरच्या दुकानांत, सेतू केंद्रांत बहुतांश यंत्रे विंडोजचीच असल्याने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मग एककाचा दुसरा घोळ. डिस्क बनवणारा कारखाना एक टीबी म्हणजे दहाचा बारावा घात, म्हणजे एक लाख कोटी बाइट असे धरतो. यंत्र मोजताना १,०२४ च्या पटीत मोजते. म्हणून एक टीबीची नवीकोरी डिस्क लावली की ९३१ दिसतात, आणि दोन टीबीच्या डिस्कवर १,८६२. दुकानदाराने फसवले असा समज करून घेऊन परत येणारे लोक मी पाहिले आहेत; फसवणूक कुणीच केलेली नसते. ‘आयईसी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये १,०२४ च्या पटींसाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे ठरवली, पण विंडोज आजही १,०२४ च्या पटीत मोजून समोर ‘जीबी’च लिहिते, तर मॅकने २००९ पासून हजाराच्या पटी स्वीकारल्या. स्क्रिप्टने यातली कुठलीही एक बाजू घ्यावी, पण तक्त्याच्या मथळ्यात ती लिहावी. खोक्यावरच्या आकड्याशी तुलना करायची असेल तर हजाराच्या पटी घेणे सोयीचे, कारण नवी डिस्क विकत घेणारा माणूस खोक्यावरचाच आकडा वाचतो.

आता मांडणीचे मार्ग. सगळ्यात सोपा म्हणजे ‘एच’ पर्याय, माणसाला वाचता येईल असे रूप. ‘डीयू’ला तो लावला की ४८,२३,४४९ च्या जागी ४.६जी दिसते. एखाद्या फोल्डरवर नजर टाकायला हे पुरेसे आहे आणि मी त्याच्या विरुद्ध नाही. पण हे रूप पुढच्या कामाला द्यायचे म्हटले की ते दगा देते. ग्नूची ‘डीयू’ नेहमी वरच्या बाजूला पूर्ण करते: १.०१ चे १.१ होते, आणि दहाच्या वर दशांश गळतो, म्हणून १०.१ चे ११ होते. १०.१ जीबीची दहा फोल्डर असतील तर खरी बेरीज १०१, आणि दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज ११०. १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर काय मावेल याचा हिशेब करणाऱ्याला हा ९ जीबीचा फुगवटा जड जातो.

क्रम लावतानाही तेच. जुन्या ‘सॉर्ट’ला आकड्यांनी क्रम लाव म्हटले, तर ती ९०० के आणि २ जी यांतले ९०० मोठे मानते. शेपटीचे अक्षर तिच्या गावीच नसते. ही अडचण इतकी सार्वत्रिक होती की ग्नूच्या कमांडसंचाच्या, कोअरयुटिल्सच्या, ७.५ या आवृत्तीत, ऑगस्ट २००९ मध्ये, ‘सॉर्ट’लाच ‘एच’ पर्याय दिला गेला. ती आता शेपटी पाहून क्रम लावते. फेब्रुवारी २०१३ च्या ८.२१ आवृत्तीत ‘नमएफएमटी’ नावाची स्वतंत्र कमांडच आली, जिचे काम फक्त आकड्याला एककाचा पोशाख चढवणे किंवा उतरवणे. मला ही दुसरी कल्पना पहिलीपेक्षा फार चांगली वाटते. मोजणाऱ्याने मोजावे, क्रम लावणाऱ्याने क्रम लावावा, आणि पोशाखाचे काम वेगळ्याकडे सोपवावे. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये जी ‘पाइप’ बसवली, एका कमांडचे उत्तर दुसरीच्या तोंडी देणारी, तिच्यामागे हाच विचार होता.

‘नमएफएमटी’ सगळीकडे मिळत नाही. म्हणून सर्वांत टिकाऊ मार्ग तिसरा: ‘डीयू’, ‘सॉर्ट’ आणि ‘ऑक’. ऑक ही अल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन यांनी १९७७ मध्ये केलेली छोटी भाषा. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. ओळीमागून ओळ वाचायची, रकाने तोडायचे, हिशेब करायचा, छापायचे, एवढेच तिचे काम, आणि आपल्याला तेवढेच हवे. स्क्रिप्टची पहिली ओळ ‘डीयू’ला ‘के’ पर्याय आणि एकच पातळी खोल जाण्याची मर्यादा देते. दुसरी ‘सॉर्ट’ला आकड्याने, उलट्या क्रमाने लावायला सांगते. तिसऱ्या ओळीत ऑक येते. उलट्या क्रमामुळे पहिली ओळ आपोआप सबंध फोल्डरची बेरीज असते. ऑकने ती लक्षात ठेवायची, पुढच्या प्रत्येक आकड्याला तिने भागून टक्का काढायचा, आणि मग आकडा, एकक, टक्का, नाव असे छापायचे. हवी तर टक्क्याच्या प्रमाणात चिन्हांची आडवी पट्टी छापावी. ज्यांना आकड्यांची सवय नाही त्यांना ती खरोखर उपयोगी पडते. एवढ्यावर काम होते. यातल्या तिन्ही कमांड चाळीस वर्षांहून जुन्या आहेत, आणि पुढची अनेक वर्षे त्या चालतील.

एक काळजी इथे लागतेच. ऑक आपणहून रिकाम्या जागेवर रकाने तोडते, आणि आपल्या फोल्डरांची नावे ‘पूर २०२१ फोटो’, ‘दाखले नवीन (२)’ अशी असतात. असे नाव तीन तुकड्यांत फुटते आणि छापताना पहिलाच तुकडा उरतो. ‘डीयू’ आकडा आणि नाव यांच्यामध्ये टॅब टाकते, म्हणून ऑकला टॅबवर तोडायला सांगितले की नाव अखंड राहते. कुणाच्या फाइलीच्या नावातच ओळ तुटलेली असेल तर ग्नूच्या ‘डीयू’ला ओळीच्या शेवटी शून्य-बाइट टाकण्याचा पर्याय आहे, पण कार्यालयाच्या कामात तशी वेळ क्वचित येते.

‘डीएफ’ची मांडणी दिसायला सोपी, पण तिच्यातले खड्डे वेगळे आहेत. जुन्या आवृत्त्या यंत्राचे नाव लांब असले की ओळ दोन तुकड्यांत छापत, आणि रकाने मोजणारी स्क्रिप्ट कोलमडे. ‘पी’ पर्याय लावला की एक डिस्क एक ओळ असा नियम पाळला जातो. २०१३ च्या त्याच ८.२१ आवृत्तीपासून हवे तेवढेच रकाने मागण्याचीही सोय झाली. उबुंटूवर ‘स्नॅप’ पद्धतीने बसवलेली प्रत्येक प्रणाली एक स्वतंत्र डिस्क म्हणून दिसते आणि ती कायम शंभर टक्के भरलेली असते, कारण तिचा स्वभावच तो. ९० टक्क्यांवर इशारा देणारी स्क्रिप्ट अशा यंत्रावर रोज ओरडते, आणि चार दिवसांनी तिच्याकडे कुणी बघत नाही. म्हणून तात्पुरत्या आणि स्नॅपच्या डिस्का वगळणे हे सजावटीचे काम मानू नये. इशाऱ्यावरचा विश्वास त्यावर टिकतो.

याच ‘डीएफ’मुळे येणारा एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: वापरलेले अधिक उरलेले ही बेरीज एकूण आकाराइतकी का येत नाही? लिनक्सच्या ‘ईएक्सटी’ घराण्यातल्या डिस्कवर पाच टक्के जागा मूळ प्रशासकासाठी राखून ठेवलेली असते, डिस्क काठोकाठ भरली तरी यंत्र चालू राहावे म्हणून. एक टीबीच्या डिस्कवर ही राखीव जागा ५० जीबीच्या घरात जाते. जिच्यावर नुसत्या प्रती ठेवायच्या अशा डिस्कवर ती कमी करता येते, आणि करावी. टक्का काढतानाही ‘डीएफ’ ही राखीव जागा हिशेबात धरत नाही. वापरलेल्याला ती वापरलेले अधिक उपलब्ध यांनी भागते आणि वरच्या बाजूला पूर्ण करते. आपल्या स्क्रिप्टने टक्का स्वतः काढला आणि एकूण आकाराने भागले, तर तो ‘डीएफ’शी जुळणार नाही. जुळवायचा असेल तर तिचाच भागाकार घ्यावा.

‘डीयू’ आणि ‘डीएफ’ एकमेकींशी जुळत नाहीत, हाही नेहमीचा अनुभव. एखादी नोंदवही-फाइल पुसली, पण ती लिहिणारी प्रणाली अजून चालू आहे, तर ‘डीयू’ला ती दिसत नाही आणि ‘डीएफ’ तिची जागा भरलेलीच मोजते. ती प्रणाली बंद करून पुन्हा सुरू केली की जागा सुटते. कधी उलटही होते: जागा भरपूर आहे तरी नवी फाइल तयार होत नाही, कारण फाइलींच्या नोंदीचे खाते, म्हणजे आयनोड, संपलेले असते. लाखो बारक्या फाइली साठल्या की हे घडते, आणि ‘डीएफ’ला ‘आय’ पर्याय लावल्याशिवाय कळत नाही. तक्त्यात जागेच्या टक्क्याशेजारी आयनोडचा टक्का असावा असे मला वाटते. एक रकाना वाढतो, पण अनेकांचा दिवस वाचतो.

परवानगी नसलेल्या फोल्डरांबद्दल ‘डीयू’ तक्रारीच्या ओळी छापते. तक्ता स्वच्छ दिसावा म्हणून त्या ओळी कचऱ्यात ढकलण्याची पद्धत जवळजवळ प्रत्येक तयार स्क्रिप्टमध्ये आढळते. ही पद्धत मला मान्य नाही. जे फोल्डर वाचता आले नाही त्याचा आकडा बेरजेत आलेला नसतो, आणि ती बेरीज घेऊन आपण डिस्क विकत घ्यायला जातो. तक्रारी वेगळ्या फाइलीत साठवाव्यात आणि तक्त्याच्या खाली ‘इतकी फोल्डर मोजता आली नाहीत’ अशी ओळ यावी.

आता मराठीकडे. पुण्याच्या सी-डॅकने १९८८ मधल्या स्थापनेनंतर भारतीय लिप्यांवर जे काम केले, त्यातून आणि त्याच सुमाराच्या प्रयत्नांतून ‘इस्की’ हे १९९१ चे मानक आले. त्यात देवनागरीचे एक चिन्ह एका बाइटमध्ये बसत असे. आज सगळीकडे युनिकोडचे यूटीएफ-८ हे रूप आहे. ते सप्टेंबर १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासोबत रचणारे केन थॉम्पसन हेच युनिक्सच्या मूळ कर्त्यांपैकी एक. त्यांच्या रचनेत इंग्रजी अक्षर एका बाइटचे राहिले आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे झाले. ‘महाड’ या नावात डोळ्याला तीन अक्षरे दिसतात, युनिकोडच्या हिशेबी चार चिन्हे आहेत, कारण काना वेगळा मोजला जातो, आणि डिस्कवर बारा बाइट. ‘पोलादपूर’ पाच अक्षरांचे, आठ चिन्हांचे, चोवीस बाइटचे.

तक्त्याचे रकाने सरळ यावेत म्हणून स्क्रिप्ट नावापुढे रिकाम्या जागा भरते. किती भरायच्या हे नावाच्या लांबीवर ठरते, आणि लांबी या तिघांपैकी कोणती, यावर साधनांचे एकमत नाही. डेबियन आणि उबुंटूवर ऑक म्हणून मूळचे येणारे ‘मॉक’ बाइट मोजते, म्हणून पोलादपूरला चोवीस जागा लागल्या असे समजून पुढे काहीच भरत नाही. ग्नूचे ऑक, म्हणजे ‘गॉक’, चिन्हे मोजते आणि आठ धरते. पडद्यावर दिसणारी रुंदी या दोहोंपेक्षा निराळी, आणि ती टर्मिनलगणिक व फाँटगणिक बदलते. मूळ ऑकला यूटीएफ-८ कळू लागले ते २०२२ मध्ये, जेव्हा कर्निघन यांनी वयाच्या ऐंशीच्या घरात स्वतः बसून तो बदल केला; मला त्यांच्याबद्दल यासाठी फार आदर वाटतो. पण चिन्हे बरोबर मोजली म्हणून देवनागरीची रुंदी बरोबर येत नाही. हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

त्यावरचा मार्ग ‘डीयू’च्या मूळ मांडणीतच होता. आकडा आधी, नाव शेवटी. आकड्यांची रुंदी ठरलेली असते, त्यांचे रकाने सरळ राहतात, आणि ओळीच्या शेवटच्या नावापुढे काही भरायचेच नसल्याने ते कितीही लांब, कुठल्याही लिपीत असले तरी तक्ता बिघडत नाही. ‘आधी नाव मग आकडा’ अशी अदलाबदल हीच अनेक स्क्रिप्टांची पहिली ‘सुधारणा’ असते. इंग्रजी नावांपुरती ती खपते. मराठी कार्यालयासाठी लिहिताना ती करू नये.

आकडे देवनागरीत दाखवण्याची इच्छा रास्त आहे, विशेषतः तो तक्ता ग्रामपंचायतीत किंवा शाळेत भिंतीवर लागणार असेल तर. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवणारी ‘टीआर’ ही कमांड ग्नूच्या रूपात अजून बाइटनेच काम करते, आणि तीन बाइटच्या देवनागरी अंकाचे तुकडे करून कचरा छापते; ‘सेड’मधला ‘वाय’ आदेश यूटीएफ-८च्या वातावरणात हे काम नीट करतो. दुसरी गोष्ट मूळ मुद्द्याशी जोडलेली आहे. एकदा अंक देवनागरी झाले की ऑकच्या दृष्टीने तो आकडा उरत नाही. ‘१२’ मध्ये एक मिळवला तर उत्तर एक येते, कारण देवनागरी बाराची किंमत ती शून्य धरते. म्हणून हे रूपांतर पाइपच्या अगदी शेवटच्या टोकाला असावे, त्यापुढे छपाईशिवाय काही असू नये.

नावांच्या लांबीची मर्यादाही मराठीला लवकर गाठते. लिनक्सच्या ईएक्सटी-४ वर फाइलीचे नाव २५५ बाइटपर्यंत चालते, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. विंडोजच्या एनटीएफएसवर आणि पेनड्राइव्हच्या एक्सफॅटवर मर्यादा २५५ चिन्हांची. मौजे, तालुका, जिल्हा, विषय आणि ‘बाबतचा प्रस्ताव’ असे सगळे नावातच लिहिण्याची सरकारी पद्धत ८५ सहज ओलांडते, आणि विंडोजवरून लिनक्सच्या पेटीवर प्रत काढताना नेमक्या त्याच फाइली मागे राहतात. मॅकच्या जुन्या एचएफएस-प्लस पद्धतीत आणखी एक अडचण: ‘शेतकऱ्यांची’मधला ‘ऱ’ ती ‘र’ आणि खालचा नुक्ता असा फोडून साठवते. डोळ्याला दोन्ही नावे एकसारखी, यंत्राला वेगळी. तुलना करणारी स्क्रिप्ट मग एकच फोल्डर ‘नवीन’ही सांगते आणि ‘हरवले’ही सांगते.

तक्ता संगणक न जाणणाऱ्याच्या हाती द्यायचा असेल तर बहुधा एक्सेलच मागितले जाते. ऑकने स्वल्पविरामांनी तोडलेली फाइल छापणे सोपे आहे; नावे अवतरणचिन्हांत घालावीत, आणि फाइलीच्या अगदी सुरुवातीला यूटीएफ-८ची ओळख पटवणारे तीन बाइट लिहावेत. ते नसतील तर एक्सेल दोनदा टिचकी मारून उघडल्यावर मराठीच्या जागी अगम्य चिन्हे दाखवते. आकडा इथेही कच्चाच द्यावा, ४.६जी असे लिहून दिले की समोरच्याला बेरीज करता येत नाही.

स्क्रिप्ट लिहायचीच नसेल तर तयार साधने आहेत. योरान हेलिंग यांचे ‘एनसीडीयू’ टर्मिनलमध्येच फोल्डरात आत-बाहेर फिरू देते; एकट्याने साफसफाई करायला मला ते सर्वांत आवडते. विंडोजवर ‘विनडिरस्टॅट’ रंगीत चौकोनांचा नकाशा दाखवते. त्या नकाशाची मूळ कल्पना, ट्रीमॅप, मेरिलंड विद्यापीठातल्या बेन श्नायडरमन यांना १९९० मध्ये सुचली, आणि कारण आपल्यासारखेच होते: प्रयोगशाळेतली ८० एमबीची एक डिस्क चौदा जण मिळून वापरत, ती भरली, आणि कुणी किती भरली ते एका नजरेत कळेना. या साधनांची ताकद डोळ्याला आहे. पण मागच्या महिन्याशी तुलना करून ‘कुठे किती वाढले’ हे त्यांतून सहज निघत नाही, आणि ठरलेल्या रात्री आपोआप चालून कागद तयार होत नाही. तिथे छोटी स्क्रिप्टच लागते.

वाढीचा तक्ता हा माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा खरा लाभ आहे. प्रत्येक मोजणीचे कच्चे उत्तर तारखेच्या नावाने साठवावे. ऑकला मागची आणि आजची अशा दोन फाइली द्याव्यात; पहिली वाचताना ती नावागणिक आकडे लक्षात ठेवते, दुसरी वाचताना वजा करते. सर्वांत मोठे फोल्डर कुठले हे बहुतेकांना ठाऊकच असते, फोटोंचे. सर्वांत जास्त वाढलेले कुठले, हे कळल्यावर मात्र निर्णय घेता येतो. पंचनाम्यासाठी फोनवर काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पुन्हा उतरवले गेले, मग ‘बॅकअप’ फोल्डरात तिसऱ्यांदा आले, असे असेल तर ते वाढीच्या तक्त्यात लगेच उठून दिसते. सबंध झाड चालून जाणारी ‘डीयू’ लाखो फोटोंच्या यूएसबी डिस्कवर बराच वेळ घेते. ‘डीएफ’ तिच्या तुलनेत क्षणात उत्तर देते, कारण ती डिस्कच्या मथळ्यातली बेरीज वाचते. त्यामुळे ‘डीएफ’ रोज आणि ‘डीयू’ आठवड्यातून एका रात्री, ही वाटणी बरी. पावसाळ्यात वीज जाणार हे धरून उत्तर आधी तात्पुरत्या नावाने लिहावे आणि मोजणी पूर्ण झाल्यावरच खऱ्या नावाने ठेवावे, नाहीतर अर्धवट मोजणी पुढच्या तुलनेत शिरते.

‘आरसिंक’ने रोजच्या प्रती काढणाऱ्यांसाठी एक बारकावा. न बदललेल्या फाइली नव्या प्रतीत पुन्हा न लिहिता जुन्याच फाइलीला दुसरे नाव जोडण्याची तिची सोय अनेकजण वापरतात. ‘डीयू’ एका फेरीत अशी फाइल एकदाच मोजते. म्हणून प्रत्येक दिवसाची प्रत वेगळी मोजली तर प्रत्येक वेळी पूर्ण आकार दिसतो, आणि सगळ्या प्रती एकाच आदेशात क्रमाने दिल्या तर पहिलीचा पूर्ण आणि पुढच्यांची फक्त भर दिसते. दोन्ही आकडे खरे आहेत. डिस्क किती भरली हे दुसऱ्या पद्धतीने कळते.

शेवटी मे महिन्यातल्या त्या मूळ कामाकडे येतो: मूळ डिस्क आणि माळ्यावर जाणारी प्रत सारखी आहेत का? इथे ‘डीयू’चे साधे आकडे जुळणारच नाहीत. ती डिस्कवर अडलेली जागा मोजते, आणि प्रत्येक फाइल पूर्ण ठोकळ्यांत जागा अडवते. ३०० बाइटच्या दहा हजार नोंदी ईएक्सटी-४च्या चार-चार केबीच्या ठोकळ्यांत ३९ एमबी व्यापतात. त्याच नोंदी विंडोजने एक्सफॅट पद्धतीने तयार केलेल्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर, जिथे ठोकळा १२८ केबीचा असतो, सव्वा जीबीच्या आसपास जातात. खरा मजकूर दोन्हीकडे तीन एमबीसुद्धा नसतो. मावेल का, हा प्रश्न असेल तर ठिकाणच्या ठोकळ्याचा हिशेब करावा. असंख्य बारक्या फाइली असतील तर त्यांची एक दाबलेली पेटी करून न्यावी. सारखे आहे का, हा प्रश्न असेल तर ‘डीयू’ला दिसणारा आकार, म्हणजे मजकुराचे बाइट, मागावेत. ग्नूच्या जुन्या आवृत्त्या त्यात फोल्डरांचाही स्वतःचा आकार मिळवतात आणि तो डिस्कगणिक वेगळा असतो, म्हणून ‘फाइंड’ने फक्त फाइली वेचून त्यांची बेरीज करणे जास्त भरवशाचे. तक्त्यात प्रत्येक फोल्डरासाठी मूळचे बाइट, प्रतीतले बाइट, मूळची फाइल-संख्या, प्रतीतली फाइल-संख्या असे चार आकडे आणि शेवटी नाव असावे. यातला एक आकडाही जुळला नाही तर ती ओळ आकाराच्या क्रमाची पर्वा न करता सर्वांत वर यावी. सगळ्या ओळी जुळल्या तरी दाखले, पंचनामे आणि हिशेब यांच्या फोल्डरांसाठी ‘शा-२५६’ हा मजकुराचा ठसा दोन्हीकडे काढून ताडावा, कारण बाइट तितकेच असूनही आतला मजकूर बिघडलेला असू शकतो, आणि ते प्रत वर नेण्याआधीच कळायला हवे.